25 मिनिटे अभ्यास आणि 5 मिनिटे विश्रांती या पद्धतीचा खरोखर उपयोग होतो का?

तुम्ही लिहिले आहे की, धुळ्यात खोली घेऊन राज्यसेवा परीक्षेची तयारी करताना तुम्ही अभ्यासिकेत रोज दहा तास बसता, पण रात्री परतल्यावर दिवसभरात नेमके काय वाचले हे आठवत नाही. आणि घड्याळ लावून 25 मिनिटे अभ्यास व 5 मिनिटे विश्रांती घेतल्याने काही फरक पडतो का, असे विचारले आहे. फरक पडतो. जळगावातील अशाच एका अभ्यासिकेत मी तीन वर्षे काढली, आज लेखा विभागात नोकरी करतानाही हीच पद्धत वापरतो, म्हणून हे खात्रीने सांगतो. मात्र तिचे बळ जितके अभ्यासाच्या 25 मिनिटांत आहे, तितकेच विश्रांतीच्या 5 मिनिटांतही आहे, आणि ही 5 मिनिटे बहुतेक विद्यार्थी वाया घालवतात.

ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थाने 1980च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात शिकत असताना स्वतःसाठी तयार केली. अभ्यासात मन लागत नव्हते, तेव्हा केवळ 10 मिनिटे तरी आपण खरा अभ्यास करू शकतो का, असे त्याने स्वतःलाच विचारले आणि स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे वेळ लावण्याचे घड्याळ समोर ठेवले. टोमॅटोला इटालियन भाषेत पोमोडोरो म्हणतात, त्यावरून पद्धतीला तेच नाव पडले. पुढे अनुभवातून 25 मिनिटांची बैठक, 5 मिनिटांची विश्रांती आणि चार बैठकांनंतर 15 ते 30 मिनिटांची मोठी विश्रांती, असे प्रमाण त्याने ठरवले. तुमचे मन आज 10 मिनिटेच टिकत असेल, तर 10 मिनिटांपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नका.

ही पद्धत मला पटली ती वडिलांच्या नांगरणीमुळे. चोपडा तालुक्यातील आमच्या काळ्या जमिनीत ते बैलांनी नांगरत असत, आणि नांगराच्या एका रेषेला आपण तास म्हणतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. बैल उभे करायचे ते तासाच्या टोकाला, बांधापाशी; तास अर्धवट असताना नांगर थांबवलेला वडिलांना चालत नसे. आणि ठरलेले तास झाले की बैल दमलेले दिसोत वा न दिसोत, ते नांगर उभा करीत, कारण बैल थकलेला दिसू लागेपर्यंत वाट पाहिली तर त्या दिवशी तो पुन्हा पहिल्यासारखा ओढत नाही, असे ते सांगत. अभ्यासाचेही तसेच आहे. अक्षरे डोळ्यांपुढून नुसती सरकू लागल्यावर घेतलेली विश्रांती उशिरा घेतलेली असते.

नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सलग दोन तास एका तबकडीवरील फिरत्या काट्याकडे पाहायला लावले होते. काटा अधूनमधून दुप्पट उडी मारी आणि ती टिपायची असे. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकलेल्या उड्यांची संख्या ठळकपणे वाढली. अभ्यास म्हणजे नुसते पाहत राहणे नव्हे, त्यामुळे तो अर्धा तास जसाच्या तसा अभ्यासाला लावणे योग्य नाही, पण लक्ष किती लवकर ढळते, हे त्यातून दिसते.

आता प्रत्यक्ष बैठकीबद्दल. बैठक सुरू करण्यापूर्वी काय करायचे ते एका ओळीत लिहा. "इतिहास वाचणे" असे मोघम नको, तर "1857च्या उठावाची कारणे, स्वतःच्या शब्दांत टिपण" असे नेमके हवे. बैठक मोडता येत नाही. मध्येच उठलात तर ती मोजायची नाही. मनात दुसरा विचार आला की चिरिल्लो कागदावर एक छोटी खूण करायला सांगतो: आतून आलेल्या व्यत्ययाला स्वल्पविरामासारखी आणि बाहेरून आलेल्या व्यत्ययाला आडवी रेघ. मी या खुणांसोबत तो विचारही दोन शब्दांत लिहीत असे, आणि पहिल्याच आठवड्यात त्या कागदाने मला माझेच मन दाखवले. कापसाचा भाव, घरची मोटार जळाली ती दुरुस्त झाली का, मावसभावाच्या लग्नाला जायचे की नाही, हेच विचार रोज फिरून येत होते. लिहून ठेवल्यावर ते विसरण्याची भीती राहिली नाही आणि मन पुन्हा पानावर येऊ लागले. बाहेरचे व्यत्यय त्या मानाने सोपे असतात. शेजारचा मित्र शंका विचारायला आला, तर "दहा मिनिटांनी तुझ्याकडे येतो" एवढे सांगा, आणि त्याप्रमाणे जा.

5 मिनिटांच्या विश्रांतीत जागेवरून उठा, माठातले पाणी प्या, खिडकीतून दूरवर पाहा. मोबाइल हातात घेऊ नका. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवून दिले की, एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. व्हॉट्सॲपवरचा एखादा निरोप वाचून उत्तर न देता तुम्ही पुस्तकाकडे परतलात, तर तुमच्याही मनाची अशीच ओढाताण होईल. म्हणूनच वेळ मोजण्यासाठीही मोबाइल नको, मनगटी घड्याळात पाहून "6.10 ते 6.35" असे वहीत लिहिले तरी पुरते, आणि अभ्यासिकेत इतरांना गजराचा त्रासही होत नाही. चहाची टपरी मोठ्या विश्रांतीसाठी राखून ठेवा. पाच मिनिटांत येतो म्हणून खाली उतरलेले आम्ही पाऊण तासाने परतत असू, आणि माझे पहिले वर्ष याच पाऊण तासांत गेले, याची मला आजही हळहळ वाटते.

चार बैठका आणि त्यांच्यामधील तीन छोट्या विश्रांती मिळून 115 मिनिटे होतात. दिवसात अशा तीन फेऱ्या झाल्या, तर 12 बैठका, म्हणजे निव्वळ 5 तासांचा अभ्यास होतो. दहा तास बसणाऱ्याला हा आकडा लहान वाटेल, पण आठवडाभर प्रामाणिकपणे मोजून पाहा. आज तुमचा खरा अभ्यास याहून कमीच निघण्याची शक्यता आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या पहाटे पाचपासून दहाच्या आत उरका, दुपारी सरळ झोपा आणि तिसरी फेरी ऊन उतरल्यावर करा.

सगळ्याच कामांना 25 मिनिटे पुरत नाहीत. अंकगणिताचे उदाहरण अर्ध्यावर असताना किंवा निबंध लिहिताना मी बैठक 50 मिनिटांची आणि विश्रांती 10 मिनिटांची करीत असे. शिवाय पूर्वपरीक्षेचा प्रत्येक पेपर 2 तासांचा असतो आणि तिथे मध्ये उठता येत नाही. म्हणून परीक्षेआधीच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून, एकदाही न उठता पूर्ण पेपर सोडवा, आणि बाकीचे दिवस बैठकांचा क्रम तसाच चालू ठेवा.