तुडतुड्याचं गाणं खरं, दुकानदाराचं यंत्र खोटं

प्रश्न (मुरबाड तालुका): भात निसवतोय, तुडतुडे दिसतात. दुकानदार म्हणतो, मादी गाणं ऐकून नर निवडते, म्हणून बांधावर आवाजाचं यंत्र लावा म्हणजे त्यांचं जुळणारच नाही. सोबत सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक दिलंय. मारू का?

उत्तर: मारू नका. यंत्रही परत करा.

गाण्याची गोष्ट खरी आहे. पण भाताचा रस शोषणारा हा तपकिरी तुडतुडा रातकिड्यासारखा हवेत गात नाही. तो पोट थरथरवून बुंध्यात कंप सोडतो. मादीला तो पायांतून कळतो, तीही कंपानेच उत्तर देते आणि नर त्या मागावर तिच्यापर्यंत पोचतो. ठेका आपल्या जातीचा नसेल तर ती सहसा दाद देत नाही. इटलीत द्राक्षाच्या तारांना कंप देऊन तिथल्या तुडतुड्यांचं मीलन बिघडवण्याचे प्रयोग झालेत. तिथे तार वेलीला टेकलेली असते. आपल्या खाचरात तार कुठे आहे? बांधावरच्या स्पीकरची कुठलीही शिफारस नाही.

आता सायपरमेथ्रिन. त्याने कोळी आणि मिरिड ढेकूण मरतात, म्हणजे तुडतुडे खाणारे आपलेच राखणदार. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात शाबूत राहतात, आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात आणि त्यांना खायला कोणी उरत नाही. फवारल्यावर तुडतुडे वाढलेली खाचरं मी दरवर्षी बघतो. दोन औषधं एका पंपात मिसळू नका. "थोडं जास्त टाका" म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. युरियाचा हप्ताही आता नको, हिरव्यागार लुसलुशीत भातावर तुडतुडा जास्त माजतो.

आधी खाचरातलं पाणी तीन-चार दिवस काढा. चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका, वाकवून बुंधा बघा. चुडाला दहाच्या आसपास तुडतुडे असतील तरच पायमेट्रोझिन ५० टक्के डब्ल्यूजी (पाण्यात विरघळणारे दाणे) हे कीटकनाशक, एकरी १२० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून मारा. फवारा बुंध्यावर पडला पाहिजे, वरून शेंडे भिजवून काही होत नाही. सकाळी फुलोरा उघडलेला असताना पंप लावू नका, दुपारनंतर लावा.

पुढच्या खरिपात चारसूत्री लावणी करा, १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून-पालटून, चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची गोळी (ब्रिकेट). दाटीत पानाला पान लागतं, कंप शेजारच्या चुडात जातो आणि बुंध्याला दमटपणा राहतो. चारसूत्रीने गाणं थांबणार नाही, पण ऊन-वारा बुंध्यापर्यंत जाईल आणि पंपाची नळीही तिथवर पोचेल. दर दोन-तीन मीटरला फूटभर पट्टा मोकळा सोडा.

फवारणी पंपाच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करा, शेतकरी ओळख क्रमांक लागेल.