गाव धरणात बुडालं, आता पणजोबा कुठं शोधायचे?

प्रश्न : आमचं मूळ गाव मुळशीकडचं, धरणात गेलं असं आजी सांगायची. पणजोबा तेव्हाच पुण्यात आले आणि शनिवार पेठेत नदीजवळ राहिले. घरात थोडे मोडी कागद होते, ते पानशेतच्या पुरात गेले. पेशवे दफ्तरात जाऊन आडनाव सांगितलं तर वंशावळ मिळेल का? आणि त्यासाठी मोडी शिकावीच लागेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आडनाव सांगून काहीही मिळणार नाही, हे आधीच सांगतो म्हणजे तुमची एक रजा वाचेल. पेशवे दफ्तर म्हणजे आपलं कौन्सिल हॉलजवळचं पुणे पुरालेखागार, तिथे हजारो रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत पण ते लावलेत कारभाराच्या हिशोबाने, म्हणजे रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास असे. आडनावाची यादी तिथे नाही. तुमच्या घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, इनाम असलं काही असेल तर नाव सापडायची आशा जास्त, साध्या कुळाचं नाव तिथे क्वचित लागतं. आणि आपण बहुतेक सगळे साधी कुळंच, पण दफ्तरात जाणाऱ्या प्रत्येकाला आपला पूर्वज पानिपतावर होता असंच वाटत असतं, असो.

तुम्ही उलटं चला, जवळून लांब. पणजोबांचा मृत्यूचा दाखला, आजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा (जन्मगाव, जात आणि वडलांचं नाव त्यात असतं, शाळा जुनी असली तर रजिस्टर बहुतेक टिकलेलं असतं), पुण्यातल्या वाड्याचे भाडेपावत्यांचे कागद कुणा चुलत्याकडे राहिले असतील तर ते. एकदा गावाचं नाव पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं, आणि गावाचं नाव पक्कं होईपर्यंत कुठल्याच कचेरीत जाऊ नका.

आता बुडालेलं गाव. मुळशीचा सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी, टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी जमिनी घेत होते म्हणून. तुमच्यासाठी कामाची गोष्ट अशी की जमीन सरकारने संपादन करून दिली की मागे कागद राहतो, कुणाची किती जमीन गेली आणि काय मोबदला ठरला याचा निवाडा होतो आणि त्यात खातेदारांची नावं येतात. म्हणजे बुडालेल्या गावाचा कागद कधी कधी न बुडालेल्या गावापेक्षा चांगला असतो! जिल्हाधिकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात आधी विचारा, तिथे नाही मिळालं तर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे तिथे महसूल खात्याच्या जुन्या फायली आहेत. त्या काळच्या केसरीचे अंकही चाळा, आंदोलनाच्या बातम्यांत गावांची नावं येतात.

गाव पूर्ण गेलं असं आपण म्हणतो पण वरची डोंगराकडची पट्टी बऱ्याचदा राहते आणि गाव तलाठ्याच्या यादीत जिवंत असतं. तसं असेल तर जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदी, बघा, राज्य सरकारची आपले अभिलेख नावाची साइट आहे, जिल्हा तालुका गाव टाकून स्कॅन केलेले जुने सातबारे, फेरफार दिसतात. नाहीतर तहसीलला रीतसर अर्ज. तिथेच कोतवाल बुक मागा, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती आली तेव्हा याच वह्या धुंडाळल्या गेल्या आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या, त्यातही एकदा गावाचं नाव शोधून बघा.

एक खाचखळगा. जुन्या कागदात तालुका वेगळा असतो. दौंड-बारामतीकडचा भाग तेव्हा भीमथडी म्हणून सापडेल, भोर-वेल्ह्याकडची कित्येक गावं तर १९४८ पर्यंत इंग्रजांच्या मुलखात नव्हतीच, भोर संस्थानात होती, त्यामुळे इंग्रजी दफ्तरात ती मिळत नाहीत म्हणून लोक रिकाम्या हाताने परत येतात. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर तीन भागांत आहे, त्यात तेव्हाचे तालुके बघून घ्या.

मोडीचं म्हणाल तर तुम्हाला विसाव्या शतकातलंच शोधायचंय, अक्षरओळख झाली तरी पुष्कळ. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालचं, तिथे मोडीचे वर्ग होतात, चौकशी करा. पेशवाईपर्यंत मागे गेलात तर मात्र नीट शिकावी लागेल, शिवाय तारखांचा घोळ, ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असलं काही लिहिलेलं असतं, म्हणजे शुहूर सन (तेव्हाची कालगणना) ११७१. त्यात ५९९ मिळवा, इसवी सन येतो, वर्ष मृगाला बदलायचं म्हणून पुढच्या जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६००.

प्रश्न : माझ्या आईच्या आजीचं माहेर शोधायचंय. लग्नानंतर नाव बदललं, कुणालाच काही आठवत नाही. बायकांच्या नोंदी कुठे असतात?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : ताई, वंशावळीत नसतातच, तिथे बायका म्हणजे बहुतेक रिकामी जागा. पण फेरफाराच्या वारस नोंदीत असतात! बाप वारला की वारस म्हणून मुलींचीही नावं लागतात, बऱ्याचदा सासरच्या नावासकट. आणि बहिणींनी हक्क सोडला असेल तर हक्कसोडपत्र. अडचण एवढीच की हे सगळं माहेरच्या गावच्या दप्तरात, म्हणजे जे शोधायचं तेच आधी माहीत हवं. म्हणून आजीच्या भावाभाच्यांची नावं, मामाकडे कुठल्या जत्रेला जायचे, कुलदैवत कुठलं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला याच आठवड्यात विचारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्याही बघा, गावाप्रमाणे नावं लावलेली असतात, कोण आलं, कुणाचं कार्य केलं ते लिहितात.

प्रश्न : ऑनलाइन पैसे भरले की आडनावावरून चौदा पिढ्यांची वंशावळ देतात, घ्यावी का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नको. एकाच आडनावाची माणसं दहा गावांत, चार जातींत असतात. पैसे खर्च करायचेच तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराला द्या, आणि मूळ कागदाचा फोटो व ओळीला ओळ लिप्यंतर दोन्ही मागा, नुसता सारांश देतो म्हणाला तर दुसरा माणूस बघा.