पोथीतल्या चित्राचा शेजारच्या पानावर उलटा ठसा उमटलाय. तो पुसून काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गिरगावातलं घर रिकामं करताना पणजोबांची सचित्र भागवताची पोथी सापडली. एका चित्रातला कृष्ण शेजारच्या पानावर फिकट, डोकं खाली आणि पाय वर असा उमटलाय, आईंना ते अशुभ वाटतंय, पुढची दोन पानं एकमेकांना चिकटली आहेत आणि डाग खोडरबरानं किंवा स्पिरिटच्या बोळ्यानं काढावा असा विचार आहे.

कृपा करून काढू नका. मी १८ वर्षं मुंबईत जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते, आणि पोथ्यांचं सर्वांत जास्त नुकसान मला वाळवीखालोखाल हौसेनं केलेल्या साफसफाईतच दिसलंय.

आधी डोकं खाली का, ते सांगते. बांधीव पुस्तकाचं पान बाजूला उलटतं, म्हणून त्यातला ठसा आरशातल्यासारखा डावा-उजवा होतो. पोथीचं सुटं पान आपण खालच्या कडेला धरून वर उलटतो, त्यामुळे तिथे ठसा वरखाली होतो. बासरी ज्या बाजूला होती त्याच बाजूला राहते, पाय तेवढे वर जातात. आईंना सांगा, यात अशुभ काही नाही. पानं एकमेकांवर जशी रचायला हवी होती तशीच कित्येक वर्षं रचलेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

हे रंग डिंकात कालवलेले असतात: हिंगूळ, शेंदूर, नीळ, काजळ. डिंक पाण्यात विरघळतो आणि हवेतली ओल पिऊन मऊही पडतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कपाटात पोथी घट्ट बांधलेली, वर चार जाड पुस्तकं ठेवलेली. मऊ झालेला रंग वरच्या पानाला चिकटतो आणि ऊन पडल्यावर डिंक पुन्हा कडक झाला की त्याचे कण तिथेच राहतात. म्हणजे तुमच्या आईंना दिसतो तो डाग चित्रातलाच रंग आहे, जागा बदललेला. पुसलात तर चित्राचा तेवढा भाग कायमचा जाईल.

दुसऱ्या जातीच्या ठशात रंगाचे कण नसतातच, फक्त समोरचा कागद तपकिरी पडलेला असतो. हे काम बहुतेक वेळा जंगालाचं, म्हणजे तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाचं. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तेव्हा जो हिरवा सुटतो, त्याच जातीचा हा. यातलं तांबं कागद आतून जाळत जातं. चित्रातलं हिरवं झाड पुढे पानातून तुटून पडतं आणि त्याची तपकिरी सावली शेजारच्या पानावर दिसते. इराणी चित्रकार जंगालात केशर मिसळत, त्यानं कागद कमी जळतो. हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि मायफळ (बाळगुटीत उगाळतो तेच) यांची शाईही कागद अशीच खाते. काजळाची शाई मात्र कागदाला काही करत नाही, ओलीनं पसरते इतकंच.

दोन्हींतला फरक घरी ओळखता येतो. खोलीत अंधार करा, टॉर्च पानाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा आणि भिंगातून बघा. कण असतील तर धाग्यांवर बसलेले, बारीक खडबडीत दिसतील. कागद सपाट आणि नुसता काळवंडलेला दिसला तर दुसरा प्रकार. पहिल्या पानाच्या कोपऱ्यातला लाल डाग मात्र ठसा समजू नका. दसऱ्याला पोथीपूजन होतं त्या घरांत ते बहुधा कुंकूच असतं.

पिवळ्या पट्ट्याही दिसतील. त्या हरताळाच्या, म्हणजे एका पिवळ्या खनिज रंगाच्या. लेखनिकाचं अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायचा आणि वर नवं लिहायचं. आपला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळात आर्सेनिक असतं. बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय असेल तर या पोथीपुरती तरी सोडा.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी दादरच्या एका घरातून माझ्याकडे पोथी आली होती, तीत एका कोऱ्या समासावर लाल निऱ्यांची चार टोकं आणि एक हिरवा ठिपका उमटलेला. समोरच्या पानावर नुसता मजकूर. मी मोबाइलवर फोटो काढला, आरशासारखा उलटवला, मग १८० अंशांत फिरवला आणि एकेका चित्राशी ताडून पाहिला. २२ पानं पुढे एका गोपीच्या निऱ्या तंतोतंत जुळल्या. मग लक्षात आलं की पानांवरचे आकडे जांभळ्या पेन्सिलीनं कोणीतरी नंतर घातलेले होते. पोथी कधीतरी हातातून पडून विस्कटली असणार आणि चुकीची लावली गेली. त्या निऱ्या कोणी पुसल्या असत्या तर क्रम कसा लावला असता, मला सांगता येत नाही.

येल विद्यापीठातल्या व्हॉयनिच हस्तलिखिताबद्दल ऐकलं असेल. त्याच्या चामड्याच्या पानांचा काळ कार्बन चाचणीनं १४०४ ते १४३८ असा निघाला, लिपी अजून कोणाला उलगडलेली नाही. पण पानांचा आजचा क्रम मुळातला नाही असं म्हणणारे अभ्यासक जे पुरावे देतात, त्यांत एका पानावरून दुसऱ्यावर उतरलेले रंगही आहेत. तुमच्या पोथीत ठसा आणि चित्र जुळत नसेल तर मधलं पान गहाळ आहे का, हे आधी तपासा.

चिकटलेली पानं सुरीनं, वाफेनं किंवा हेअर ड्रायरनं सोडवू नका. ती तशीच ठेवा. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, तिथे विचारा. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत १५१६ सालचं सचित्र आरण्यकपर्व आहे. ५०० वर्षांपूर्वीचा कागद आणि रंग या दमट शहरातही जपता येतो.

बाकी घरात: पोथी आडवी ठेवा, वर काही ठेवू नका. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. चित्रांवर आम्लरहित पातळ टिश्यू घाला. वर्तमानपत्र किंवा बटर पेपर नको. धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती रुमालात सैल बांधा. नवीन लाल कापड स्वतःच रंग सोडतं, मी असे रुमाल दोनदा बघितलेत.

आणि हे सगळं आज करू नका. बाहेर पाऊस आहे, डिंक आत्ता मऊच असणार. रुमाल न सोडता पोथी कोरड्या खोलीत ठेवा आणि डिसेंबरात उघडा. तेव्हा ठशाचा आणि चित्राचा असे दोन फोटो पाठवा, मी जुळवून बघते.