आधी पट्टी विचार

प्रिय मुला,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बँड मोडल्याचं दुःख त्यात आहेच, पण खरा सल वेगळा आहे आणि तो तू शेवटच्या चार ओळींत कसाबसा उरकला आहेस. स्टुडिओत काम मिळतंय, जिंगल्स आहेत, एका मराठी सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे. आणि तुला वाटतंय की स्टेज सोडलं म्हणजे साक्ष, म्हणजे ख्रिस्ताबद्दलची ग्वाही, सोडली. चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी तसं बोललंही तुला. म्हणून आधी तेच घेतो.

डॅन हफ हे नाव कदाचित तुझ्या ओळखीचं नसेल, पण त्याची गिटार तू नक्की ऐकली आहेस. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा माणूस. वडील रॉन हफ हे चर्च-संगीताचे अरेंजर आणि कंडक्टर, त्यामुळे कॉयरचे, म्हणजे गायकवृंदाचे, चार आवाज एकमेकांत कसे बसतात हे त्याच्या कानावर लहानपणापासून पडत असणार. १९८२ साली ‘व्हाइट हार्ट’ या ख्रिस्ती रॉक बँडचा पहिला अल्बम आला, त्यात गिटारवर डॅन आणि ड्रमवर त्याचा भाऊ डेव्हिड. दुसरा अल्बम १९८४चा. त्यानंतर डॅनने बँड सोडला आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवायला लागला. १९८७ साली आलेल्या मायकल जॅक्सनच्या ‘मॅन इन द मिरर’वर गिटार त्याची आहे. मध्ये ‘जायंट’ नावाचा स्वतःचा बँड काढला, त्यात गाणाराही तोच. १९९०मध्ये त्यांचं एक गाणं अमेरिकेत पहिल्या विसांत पोचलं, आणि दोन अल्बमनंतर तोही बँड थांबला. तिशी ओलांडलेला माणूस आणि मागे पडलेले दोन बँड. तू चोविसाव्या वर्षी एकाच बँडवरून हबकला आहेस.

मग तो प्रोड्यूसर झाला, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला आकार देणारा. १९९७ साली मेगाडेथसारख्या मेटल बँडचा अल्बम त्याने नॅशव्हिलमध्ये केला. १९९९मध्ये लोनस्टार या कंट्री बँडचं ‘अमेझ्ड’ केलं, ते पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. कीथ अर्बनबरोबर तर कितीतरी अल्बम. टेलर स्विफ्टच्या २०१२च्या ‘रेड’मधली काही गाणीही त्याचीच. ही सगळी एकामागून एक लावून ऐक. प्रत्येक गाण्यात आधी गाणारा ऐकू येतो, डॅन हफ नंतर. मला यातच त्याची खरी कमाई दिसते, आणि माझ्या मते ती कॉयरच्या घरातून आलेली आहे. ज्याने लहानपणी मंडळीच्या मागे वाजवलंय, त्याला आपला आवाज कुठे आवरायचा ते हाताला कळतं. तूही आठव्या वर्षापासून रविवारच्या उपासनेला वाजवतोस. त्या शिक्षणाला तू शिक्षणच मानत नाहीस, एवढीच माझी तक्रार आहे.

‘व्हाइट हार्ट’मध्ये डॅनच्या जागी गॉर्डन केनेडी आला, पुढे बेसवर टॉमी सिम्स आला. या दोघांनी वेन कर्कपॅट्रिकबरोबर लिहिलेलं ‘चेंज द वर्ल्ड’ एरिक क्लॅप्टनने गायलं आणि १९९७च्या सोहळ्यात त्याला वर्षातलं सर्वोत्तम गीत म्हणून ग्रॅमी मिळालं. बँड मोडतात, बाळा. त्यातून तयार झालेले हात मोडत नाहीत.

आणि हे काही अमेरिकेतच घडलं असं नाही. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली माणसं मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांचं वाद्यवृंदाचं अंग त्यांनी उभं केलं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं पाठ कर. माजोर्ड्याच्या चर्चचे कॉयरमास्टर हे अँथनींचे वडील, आणि अँथनींकडे व्हायोलिन शिकले ते लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. यांनी साक्ष सोडली असं कोण म्हणेल? बायबलमधल्या निर्गमचा ३१वा अध्याय काढून पाहा. देव म्हणतो, मी बसालेलाला माझ्या आत्म्याने भरलं आहे. आणि बसालेल काय करायचा? सोनं, रुपं, पितळ घडवायचा, लाकूड कोरायचा. तो प्रवचन देत नव्हता. मंडळीत पुन्हा कुणी बोललं तर भांडू नकोस, हा अध्याय तेवढा मनात असू दे.

आता कामाचं.

नॅशव्हिलच्या स्टुडिओत वादकांसमोर जो कागद असतो त्यावर सी, एफ, जी अशी कॉर्डची नावं लिहिलेली नसतात. गाण्याच्या पट्टीतल्या पहिल्या सुरापासून कॉर्ड कितवी, ते सांगणारे आकडे असतात: १, ४, ५, १. पन्नाशीच्या दशकात एका व्होकल ग्रुपमधल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत सुरू केली आणि ती तिथे रुळली. गायिका म्हणाली, मला एक सूर खाली द्या, तर कागद तोच राहतो, फक्त १ खाली सरकतो. तीन तासांचं सेशन असतं, त्यात नवा कागद लिहायला वेळ कुणाकडे आहे? तुला हे नवं वाटेल, पण ते आपलंच आहे. आपण सा, म, प म्हणतो तेव्हा हेच करतो. सा पेटीच्या काळी एकला धरा नाहीतर पांढरी चारला, नातं बदलत नाही. ज्याची सरगम पक्की आहे त्याला हे दोन दिवसांत येतं. तू सरगम सोडून दिली होतीस, ती पुन्हा धर.

हे एवढं का सांगतो, तर मी यात एकदा मोठी चूक केली आहे. १९९०च्या दशकात एका मंडळीच्या भजनांची कॅसेट मी करत होतो. वर्गणीतून जमवलेला पैसा होता, स्टुडिओ दोन दिवसांपुरताच घेतलेला. पहिल्या दिवशी मी गिटार, कीबोर्ड, तबला सगळं आठ ट्रॅकच्या टेपवर वाजवून घेतलं. बायका काळी चारला गातात, म्हणून काळी चार धरली. दुसऱ्या दिवशी सत्तरीच्या आजी गायला आल्या. अंतऱ्याच्या वरच्या षड्जाशी त्यांचा आवाज फाटायचा. त्यांनी चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “आता माझा गळा राहिला नाही रे.” त्यांचा गळा उत्तम होता. त्यांना पट्टी काळी तीन हवी होती, आणि ते मी विचारलंच नव्हतं. तेव्हा टेपवरचं वादन खाली उतरवायची सोय नव्हती. टेपचा वेग कमी केला तर तबला ढोलासारखा वाजायला लागला. शेवटी सगळं बाजूला ठेवून त्यांच्यासमोर नुसती पेटी ठेवली, कानातला तालाचा क्लिक बंद केला. त्या एका दमात गायल्या. कॅसेटवर तेच गाणं सगळ्यात चांगलं आहे. पण पहिला अख्खा दिवस आणि त्याचे पैसे माझ्यामुळे गेले, आणि त्या बाईंना दहा मिनिटं का होईना वाटलं की आपला आवाज संपला. ते मी अजून विसरलेलो नाही.

आज सॉफ्टवेअरमध्ये पट्टी बदलता येते, म्हणून हे जुनं झालं असं समजू नकोस. तीन सूर सरकवलेली गिटार प्लास्टिकसारखी वाजते, आणि गायकाला ते कानात कळतं. कुठलाही ट्रॅक उघडण्याआधी गायकाला समोर बसवून गाणं गाऊन घे, नुसत्या गिटारवर. ध्रुवपद नको, सगळ्यात उंच जाणारी ओळ आधी.

हेडफोनमध्ये काय किती ऐकू यावं, ते मिक्सही तसंच. स्वतःचा आवाज कानात फार मोठा आला की गायक दबून गातो, कमी आला की ओरडायला लागतो. सूर लागत नाही म्हणून तू त्याला दहादा गायला लावशील, आणि दोष तुझ्या एका फेडरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीचा, असेल. स्वतः आत जाऊन तो हेडफोन डोक्यावर चढव आणि दोन ओळी गाऊन बघ.

खोलीबद्दल विचारलं आहेस. अंड्याचे ट्रे लावू नकोस. त्याने शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही आणि बास तर मुळीच शोषला जात नाही. कोपऱ्यांत आवाज शोषणारं जाड रॉकवूल कापडात गुंडाळून लाव, आणि गायकाच्या पाठीमागे गोधड्या टांग. माइक पुढून ऐकतो, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंतच त्याच्या समोर असते. नवा माइक त्यानंतर.

आता एक जड गोष्ट. मार्क हर्ड, अमेरिकेतला ख्रिस्ती गायक-गीतकार. कॅलिफोर्नियात घरातच स्टुडिओ, दुसऱ्यांची रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग, आणि त्यातून वेळ काढून स्वतःचे अल्बम. ख्रिस्ती संगीतात त्याच्याइतकं प्रामाणिक लिहिणारे मला फार थोडे भेटले. ४ जुलै १९९२ला इलिनॉयच्या कॉर्नरस्टोन महोत्सवात स्टेजवर असतानाच त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्याने कार्यक्रम पुरा केला आणि मग रुग्णालयात गेला. १६ ऑगस्टला तो गेला. वय ४०. पियर्स पेटिस नावाच्या गायकाने पुढे आपल्या अल्बमांवर मार्कचं एकेक गाणं घेण्याचा नेम धरला. मृत्यूचं कारण मी कामाच्या माथी मारत नाही, तो अधिकार मला नाही. पण तू पत्र पहाटे सव्वातीनला पाठवलंस आणि त्यात लिहिलंस की जागरणाचा हा तिसरा दिवस. ते मला अजिबात आवडलं नाही. रात्री अकरानंतर केलेलं मिक्स सकाळी पुन्हा करावं लागतं, कारण थकलेल्या कानाला तिखट आवाज कमी कळतो आणि आपण तो वाढवत बसतो. झोप.

शेवटचं, पैशाचं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रोड्यूसर म्हणजे रेकॉर्डिंग करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तुला लोक ज्या अर्थाने प्रोड्यूसर म्हणतील तो अर्थ तिथे नाही. रॉयल्टीबद्दल २०१२च्या दुरुस्तीने जे बळ दिलं ते मुख्यतः गीतकार आणि संगीतकारांना. चाल तुझी असेल तर तुझं नाव संगीतकार म्हणून लिहून घे. नुसतं वादन आणि मिक्स असेल तर किती पैसे, कधी, आणि किती वेळा दुरुस्त्या, हे काम सुरू होण्याआधी कागदावर येऊ दे. ओळखीच्या माणसाकडून तर आधी. जिथे मंडळीसाठी फुकट करायचं असेल तिथे मनापासून फुकट कर, आणि मग त्याचा हिशोब मनात ठेवू नकोस.

पुढच्या शनिवारी माझ्याकडे सोळा जणांच्या कॉयरचं रेकॉर्डिंग आहे. दहाला सुरू. तू साडेआठला ये, माइक लावायला आणि सगळ्यांच्या पट्ट्या लिहून घ्यायला. येताना आईकडून दोन गोधड्या माग, माझ्याकडच्या कमी पडतात.

तुझा,
काका