मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा

ताई, तुमचं वय ४३, ऑफिसच्या तपासणीत बीपी १४८/९४ निघालं आणि डॉक्टरांनी "तीन महिने पथ्य-व्यायाम करून या, मग गोळीचं बघू" असं सांगितलंय. तुमचे प्रश्न तीन: सैंधव मीठ चालेल का, दुधीचा रस घ्यावा का, आणि घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागेल का. ११ वर्षांपूर्वी मी याच जागी होते. वय ४६, बीपी १५२/९६. आईला बीपीमुळेच अर्धांगवायू झाला होता, त्यामुळे तो आकडा बघून माझी झोप उडाली होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचं खरं बीपी किती ते घरी मोजून बघा. तपासणीच्या दिवशीची धावपळ, रांग, मनातली धास्ती, या सगळ्याने आकडा चढतो. मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. बाही वर सरकवायची, ब्लाउजवरून पट्टा बांधायचा नाही. मशीन चालू असताना एक शब्दही बोलायचा नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहाही नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, आणि सगळं वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी खरंच आहे. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० धरतात.

आता सैंधव. तेही मीठच आहे, त्यात बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच असतं. मी पहिले दोन महिने सैंधवच वापरलं आणि "हे चालतं" या समजुतीने हात सैल सुटला. बीपी जिथल्या तिथे. दुधीची भाजी खुशाल खा, पण कच्चा रस पिऊ नका. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी असतो आणि तो पिऊन माणसं दगावलेली आहेत. लसूण जेवणात भरपूर घाला, मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

खरं काम आहे ते मिठाचं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मी तेव्हा सगळ्यांना ठासून सांगायचे की आमच्याकडे वरून मीठ कुणी घेत नाही. डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "नवा पुडा फोडाल तेव्हा त्याच्यावर तारीख लिहा." आम्ही घरात पाच माणसं. १ तारखेला फोडलेला किलोचा पुडा २० दिवसांत संपला. हिशेब करा: दिवसाला ५० ग्रॅम, माणशी १०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे आमचं दुप्पट, आणि यात लोणचं, पापड, फरसाण धरलेलंच नव्हतं.

तो हिशेब कागदावर बघितला आणि मग मी पानाची डावी बाजू नीट बघायला लागले. कैरीचं लोणचं, खाराची मिरची, तळलेली सांडगी मिरची, पापड, कुरडई. पापडात मीठ तर असतंच, शिवाय पापडखारातही सोडियम असतं. मग चार वाजता चहाबरोबर खारी नाहीतर भडंग. आम्ही सांगलीचे, भडंगाशिवाय आमचा दिवस जात नाही. कोकणात असता तर खारवलेला बांगडा आणि सुकट निघाली असती. पाव, सॉस, नूडल्सचं पाकीट, खारे दाणे, पित्तावर घ्यायची फसफसणारी पावडर, या सगळ्यात सोडियम आहे.

एका दिवसात मीठ तोडू नका, कुणालाच जेवण जाणार नाही. मी असं केलं: पहिल्या आठवड्यात कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद. कुणाच्या लक्षातही आलं नाही. नंतर रोज सकाळी एका छोट्या वाटीत दिवसभराचं मीठ काढून ठेवायला लागले. सुरुवातीला चहाचे सात सपाट चमचे, दर पंधरवड्याला एक चमचा कमी, असं करत चारवर आणलं. आमटी, भाजी, कोशिंबीर, सगळं त्या वाटीतूनच. वाटी संपली की मीठ संपलं. चव राखायला आमसूल, लिंबू, जिऱ्याची फोडणी, लसूण, ओलं खोबरं, वरून कोथिंबीर. मीठ शेवटी घातलं तर जिभेला जास्त लागतं, म्हणून उसळीत ती उतरवताना घालते. तीनेक आठवडे जेवण अळणी वाटलं. पुढे जीभ इतकी सरावली की लग्नातली आमटी खारट लागायला लागली. आता आमचा पुडा ४५ दिवस पुरतो.

मीठ कमी करण्याइतकंच ताटात काय वाढतं तेही महत्त्वाचं. अमेरिकेत डॅश नावाच्या आहाराची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९७ साली आले. मीठ तेवढंच ठेवून फक्त भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही आणि डाळी-दाणे वाढवले, तूप-लोण्यासारखी चरबी घटवली, तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ने उतरला. आपल्याकडे हे परकं नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, मेथी-चाकवत, बिनमिठाचं ताक, एक पेरू नाहीतर केळं. फक्त मूत्रपिंडाचा त्रास असेल तर फळं-पालेभाज्या एकदम वाढवू नका, आणि 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबरही ते रक्तात साठू शकतं.

वजन जास्त असेल तर ढोबळमानाने एक किलो उतरलं की वरचा आकडा एकाने उतरतो. माझं ७१चं ६५ झालं, सहा महिन्यांत. रोज ४० मिनिटं भराभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. मिश्री लावत असाल तर ती तंबाखूच आहे, सोडाच.

एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. गुडघ्यासाठी मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेत होते. अशा दुखण्यावरच्या गोळ्यांनी बीपी चढतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी चढतं, खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेतलं तर त्यानेही चढतं. तुम्ही काय काय घेता त्याची यादी डॉक्टरांना दाखवा. झोपेत मोठ्याने घोरत असाल, सकाळी उठल्यावर डोकं जड राहत असेल, तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर नुसत्या पथ्याने बीपी पुरतं उतरत नाही.

तीन महिन्यांनी माझं १३८/८८ झालं, पुढे बरीच वर्षं तिथेच राहिलं. पाळी गेल्यावर पुन्हा चढलं आणि गोळी सुरू झाली. एकच, लहान डोसची, रोज सकाळी. तुम्हालाही लागली तर पथ्य वाया गेलं असं अजिबात समजू नका, आणि आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनाने ती बंद करू नका. आईने तेच केलं होतं. आणि कधी १८०/१२०च्या वर जाऊन छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. यातली लक्षणं दिसली तर आकडा कमी असला तरी थांबू नका.

राहिला वेगळ्या स्वयंपाकाचा प्रश्न. करू नका. मी महिनाभर माझी आमटी वेगळ्या पातेल्यात काढायचे. दमले, आणि घरात आजारी माणूस असल्यासारखं वाटायला लागलं. आमटी एकच करा, कमी मिठाची. पोरांनाही तेच पुरे आहे. ज्याला फारच अळणी लागेल त्याने लिंबाची फोड घ्यावी. लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. आमच्याकडे ती रविवारी खाली येते, आणि फोड एकच.