काकाआजोबांची पत्रं, अक्षर मात्र दरवेळी वेगळं

प्रश्न : आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची १९४४ ची सात पत्रं सापडलीत. कुठून लिहिलीत ते कुठेच नाही, पत्त्यात नुसतं सी.एम.एफ. एका पत्राला चौकोनी भोक आहे. प्रत्येकाचं अक्षर वेगळं, शेवटचं तर चक्क इंग्रजी अक्षरात हिंदी! ही त्यांचीच कशावरून? आणि लॅमिनेट करून ठेवू का?
- एक वाचक

उत्तर : लॅमिनेशन नको म्हणजे नकोच, एकदा केलं की परत सोडवता येत नाही, आणि सेलोटेप पण नको. फोटो काढून ठेवा, पाकिटंही टाकू नका, शिक्के त्यांच्यावरच असतात.

सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, त्यामुळे बहुतेक इटलीच. मराठा पलटणी तिथं लढत होत्या, यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई १० जुलै १९४४ ची, टायबर नदीच्या खोऱ्यातली. ठिकाण लिहायला बंदी होती, पत्र आधी सेन्सॉरकडे जायचं आणि नको ते दिसलं की सरळ ब्लेडने कापायचे. मला वाईट वाटतं ते मागच्या बाजूचं, कारण पातळ कागदावर दोन्हीकडून लिहिलेलं, म्हणजे पुढं गावाचं नाव कापलं की मागं आईला लिहिलेलं काहीतरी पण गेलंच ना.

अक्षराचं म्हणाल तर बऱ्याच जवानांना लिहिता यायचं नाही, मग पलटणीतला जो लिहिणारा सापडेल त्याच्याकडून लिहून घ्यायचे. तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम हे सगळं त्या लिहिणाऱ्याचं समजा, ते सोडून द्या आणि मधे कुठं बैल विकला का, बहिणीचं जमलं का असं एकदम तुटक विचारलेलं दिसलं की ते त्यांचं. सातही पत्रं तारखेनं लावा आणि कुठला प्रश्न परत परत येतोय बघा, घरचं उत्तर पोचलं नसेल तर तोच प्रश्न पुढच्या पत्रात पुन्हा असणार, आणि तो घरातला कुणीतरी म्हातारा माणूस लगेच ओळखेल.

आणि ते इंग्रजी अक्षरातलं पत्र जपा हो! फौजेत तेव्हा रोमन लिपीतली उर्दू शिकवायचे, तुम्हाला हिंदी वाटली ती बहुधा हीच, म्हणजे सातातलं तेवढं एक त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असू शकतं. सही बघा, अक्षरं एकेक सुटी, दाबून काढलेली आहेत का.