क्लच कव्हरला चिकटलेलं जुनं गॅस्केट कसं काढायचं?

बाइकचं क्लच कव्हर उघडलंय आणि कागदी गॅस्केट (ऑइल गळू नये म्हणून कव्हर आणि इंजिनच्या मध्ये बसवलेला पातळ थर) निघत नाहीये म्हणताय, तर आधी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा, अॅल्युमिनियम मऊ असतं, एक खोल ओरखडा पडला की नवीन गॅस्केट टाकूनही तिथूनच ऑइल झिरपणार. गॅस्केट रिमूव्हर स्प्रे मारा, नसेल तर पेंट रिमूव्हर ब्रशने लावा (हातमोजे घाला, कातडी भाजते, आणि रंगवलेल्या भागावर जाऊ देऊ नका), 10-15 मिनिटं थांबा, मग प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने आडवं धरून खरवडा, एकदा नाही निघालं तर परत लावा पण जोर नका करू. इंजिनच्या बाजूला काम करताना आत स्वच्छ फडकं कोंबा, तुकडे ऑइलमध्ये पडले तर पंपाची जाळी चोक होते. ड्रिलला सँडिंग डिस्क लावून तर अजिबात घासू नका प्लीज, ती पावडर बेअरिंगमध्ये गेली की इंजिन कामातून गेलंच समजा. खूप जुनी गाडी असेल तर गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ श्वासात जाणं घातक असतं) असू शकतं, कोरडं घासू नका, ओलं ठेवूनच काढा. शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा आणि डॉवेल पिना (कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना) जागेवर आहेत का बघा, त्या हमखास हरवतात.